बुडालेल्या जहाजाला हात न लावण्याची रीत

कॅनडातल्या टोबरमरी गावच्या धक्क्यावर उन्हाळ्यात शनिवारी सकाळी डायव्हिंग क्लबांची लगबग असते. टोरांटोकडून आलेल्या गाड्यांतून सिलिंडर, ड्रायसूट, शिशाची वजनं उतरतात. पार्क्स कॅनडा या उद्यान-खात्याच्या केंद्रात नावनोंदणी होते आणि बोट ह्युरॉन सरोवरात शिरते. बुडालेल्या जहाजाच्या जागी पोचल्यावर कप्तान नांगर मात्र टाकत नाही. तिथे आधीच बांधून ठेवलेला एक बोया तरंगत असतो. त्याला बोट बांधायची, त्याच्या दोराच्या आधाराने खाली उतरायचं, डोळे भरून पाहायचं आणि कशालाही हात न लावता वर यायचं. ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की नव्या डायव्हरला ती पहिल्यापासूनच असावी असं वाटतं. पण तिला अजून धड पन्नास वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी चाल अगदी उलटी होती.

कुस्तो आणि गान्यान या दोन फ्रेंच माणसांनी 1943 मध्ये पाण्याखाली श्वास घेण्याचं साधन तयार केलं. पुढच्या दशकात ते बाजारात सहज मिळू लागलं आणि हौशी माणसं अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या पंचमहासरोवरांत उतरू लागली. तिथे जे दिसलं ते समुद्रात दिसणं अशक्य होतं. समुद्रात लाकूड पोखरणारा टेरेडो हा शिंपल्याच्या कुळातला प्राणी असतो. आपल्या कोकणच्या पाण्यातही तो भरपूर आहे. उघड्यावर पडलेला लाकडी सांगाडा तो काही वर्षांत चाळणीसारखा करून टाकतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही. शिवाय गोडं पाणी सर्वांत जड असतं ते चार अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे सरोवरांच्या तळाशी भर उन्हाळ्यातही थंडगार पाणी बसून राहतं आणि कुजण्याची क्रिया फार मंदावते. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या शिडाच्या नौका तिथे डोलकाठ्यांसकट उभ्या सापडतात. टोबरमरीच्याच बिग टब खाडीत 'स्वीपस्टेक्स' आहे. 1867 मध्ये बांधलेली ही नौका 1885 मध्ये बुडाली. ती इतक्या उथळ पाण्यात आहे की बोटीतून वाकून पाहिलं तरी तिचा आकार दिसतो.

इतकं सगळं शाबूत पाहून माणसांना मोह झाला. सुकाणूचं चाक, घंटा, दिवे, कंपास, ताटल्या, जे सुटेल ते वर येऊ लागलं. सापडेल त्याचं, हाच कायदा. जे सुटत नव्हतं ते बोटींचे नांगर मोडत होते. नांगर जहाजाच्या कठड्यात अडकवायचा आणि निघताना ओढून काढायचा, म्हणजे दर फेरीला एखादी फळी निखळणारच. ही माणसं चोर होती असं मी म्हणणार नाही. वस्तू घरी नेणं म्हणजे ती वाचवणं, असं त्यांतल्या अनेकांना मनापासून वाटत होतं.

हा समज मोडला तो 'अल्विन क्लार्क'ने. 1864 मध्ये मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या फाट्यात वादळाने उलटलेली ही नौका. 1967 मध्ये एका कोळ्याचं जाळं तळाशी अडकलं, ते सोडवायला फ्रँक हॉफमन नावाचा डायव्हर उतरला आणि समोर अख्खं जहाज उभं. त्याने व त्याच्या सोबत्यांनी ते 1969 मध्ये वर काढलं. आतलं पाणी उपसल्यावर ते शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा आपल्या आधारावर तरंगलं! लोकांनी गर्दी केली. पण शतकभर भिजलेल्या लाकडात पाणीच आधार होऊन बसलेलं असतं. ते सुकलं की लाकूड आकसतं, तडकतं, भुगा होतं. स्वीडनने 1961 मध्ये 'वासा' ही आपली बुडालेली जुनी युद्धनौका वर काढली तेव्हा तिच्यावर सतरा वर्षं लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलची फवारणी केली. त्यामागे एका देशाची ताकद होती. 'अल्विन क्लार्क'च्या वाट्याला तसलं काही आलं नाही. मिशिगन राज्यातल्या मेनॉमिनीच्या किनाऱ्यावर ती वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांदेखत कुजली आणि 1994 मध्ये तिचे अवशेष पाडून टाकावे लागले. पाण्याने जे शतकभर सांभाळलं, ते आपण पंचवीस वर्षांत संपवलं. मला या सगळ्या इतिहासात यापेक्षा जास्त बोचणारं काही सापडलेलं नाही.

ती नौका कुजत असतानाच वारं फिरलं. मिशिगनने 1980 मध्ये कायदा करून तळावरच्या जहाजांवरून वस्तू काढायला परवाना सक्तीचा केला आणि पाण्याखालच्या राखीव क्षेत्रांची वाट मोकळी केली. टोबरमरीचं 'फॅदम फाइव्ह' 1987 मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान झालं. 1988 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने राज्यांच्या पाण्यातल्या बेवारस जहाजांवर राज्यांचा हक्क मान्य केला. पण प्रत्येक जहाजापाशी पोलीस उभा करता येत नाही. रीत रुजवली ती क्लबांनीच. कालपर्यंत पाने-हातोडे घेऊन उतरणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने बोये बसवले, दर वसंतात ते लावायचं आणि हिवाळ्यापूर्वी काढायचं काम अंगावर घेतलं, टेप घेऊन फळ्या मोजल्या, नकाशे काढले.

आता संकट वेगळ्याच बाजूने आलं आहे. मालवाहू जहाजांत तोल राखायला भरलेल्या बॅलास्टच्या पाण्यातून काळ्या समुद्राच्या परिसरातले झेब्रा शिंपले इथे पोचले. 1988 मध्ये ते सेंट क्लेअर सरोवरात सापडले. मागोमाग क्वागा शिंपले आले, ते तर खोल, थंड पाण्यातही वाढतात. त्यांनी पाणी गाळून नितळ केलं, त्यामुळे जहाजं लांबून दिसू लागली, पण त्याच जहाजांवर त्यांचे थरांवर थर चढले. खरवडावेत तर लाकडाचा पृष्ठभागही त्यांच्याबरोबर निघून येतो. म्हणजे इथेही हात लावता येत नाही. म्हणून क्लबांच्या शनिवार-रविवारच्या सहलींत आता एका जहाजाचे शेकडो फोटो ठरावीक अंतराने काढून संगणकावर त्याची त्रिमिती प्रतिकृती जुळवली जाते. सुपीरियर सरोवराच्या पाण्यात कॅल्शियम कमी असल्याने शिंपल्यांचा तिथे फारसा जम बसलेला नाही. बाकीच्या सरोवरांत हे मोजमाप लवकर उरकायला हवं.