कॅश मोठी की वेग मोठा?

प्रोसेसर कितीही चपळ असला, तरी मुख्य स्मृतीतून माहिती येईपर्यंत त्याला ताटकळावे लागते. म्हणून १९६५ साली मॉरिस विल्क्स यांनी मधे एक छोटी, जलद स्मृती सुचवली. १९६८ मध्ये आयबीएमने ३६०/८५ या संगणकासाठी अशी स्मृती जाहीर केली. हीच कॅश, पैशांशी हिचा संबंध नाही! फोडणीच्या वेळी कोठीकडे धावायला नको म्हणून आपण मिसळणाचा डबा शेगडीजवळ ठेवतो, तसेच हे.

एप्रिल २०२२ मध्ये एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी बाजारात आला. त्यात ३२ मेगाबाइट कॅशवर आणखी ६४ मेगाबाइटचा थर चढवला होता. मात्र विद्युतदाब मर्यादित ठेवावा लागल्याने कमाल वेग ५८००एक्सच्या ४.७ गिगाहर्ट्झवरून ४.५ वर उतरला. हौशी मंडळींत वाद पेटला: पैसे मोजून वेग कमी घ्यायचा? मोजमापे झाली, तेव्हा अनेक खेळांत नवी चिप स्पष्टपणे पुढे होती. त्रिमिती चित्रे रेखाटण्याच्या कामात मात्र जुनी किंचित सरस ठरली. आमच्या मते दोन्ही बाजूंचे आकडे खरेच होते. खेळात विखुरलेली माहिती वारंवार लागते, ती मोठ्या कॅशमध्ये बरीचशी मावते. चित्राच्या कामाला लागणारी माहिती छोट्या कॅशमध्येही बहुधा सापडते. तिथे जादा डबा रिकामाच राहतो.