वहिवाट आणि पाणी

जातिव्यवस्थेस आपल्या भाषेंत ‘उतरंड’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि ती उपमा मोठी मार्मिक आहे. उतरंडींतील प्रत्येक मडकें वरच्याचा भार सोसतें व आपला भार खालच्यावर टाकतें. सर्वांत खालच्यास मात्र तो टाकावयास जागाच नसते. ही रचना समाजांत कशी टिकून राहिली, हें जाणावयाचें असल्यास धर्मग्रंथांचीं पानें चाळण्यापेक्षां पाणवठ्याकडे पाहावें. कोणाची घागर कोणाच्या घागरीस लागलेली चालत नाहीं, आणि दुसऱ्यानें वरून ओतलेल्या पाण्याची वाट पाहात कोणास बसावें लागतें, एवढ्यावरून गांवाची सारी घडण कळून येत असे. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील महाड हें सावित्री नदीच्या कांठचें व्यापारी गांव. गांवाच्या मध्यावर चार-पांच एकरांचें हें तळें. सभोंवतीं रस्ता, आणि त्यापलीकडे मुख्यतः स्पृश्य हिंदूंचीं व कांहीं मुसलमानांचीं घरें. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्य लोक बाजारहाटासाठीं महाडास येत. गांवकामगार या नात्यानें सरकारी कागदपत्र पोंचविण्यास व वसुलाचा भरणा करण्यासही त्यांना यावें लागे. सरकारचा पैसा त्यांच्या हातीं देतांना कोणास विटाळ वाटत नसे. पण तहान लागली म्हणजे भर गांवांतील तळें टाकून त्यांना दूरच्या आपल्या वस्तींतील विहीर गांठावी लागे. मुसलमानांस त्या तळ्याचें पाणी वर्ज्य नव्हतें, गुरांढोरांस नव्हतें. वर्ज्य होतें तें केवळ त्यांना.

पुण्यास जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. परंतु तो एका थोर गृहस्थाचा निश्चय होता. सार्वजनिक पाणवठ्यांचा प्रश्न कायदेमंडळांत येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांच्या सूचनेवरून मुंबईच्या कायदेमंडळानें ठराव केला कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेले वा चालविलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावे. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें ५ जानेवारी १९२४ रोजीं आपलें तळें खुलें केलें.

यापुढील तीन वर्षांत काय घडलें? कांहींच नाहीं. ठराव दप्तरांत राहिला आणि पाणी तळ्यांत राहिलें. त्यावर पहारा बसविण्याची गरजच नव्हती. ‘आपली पायरी ओळखून असावें’ हा धडा पिढ्यान् पिढ्या गिरविलेला होता, आणि तो विसरणाऱ्याची काय गत होते हेंही प्रत्येकाला ठाऊक होतें.

ही कोंडी १९२७ सालीं फुटली. १९ व २० मार्च रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं महाडास अस्पृश्यांची जिल्हा परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनीं तिच्यासाठीं अपार खटपट केली होती; अनंतराव चित्रे, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे स्पृश्य गृहस्थही तिच्या पाठीशीं होते. दुसऱ्या दिवशीं सारा समुदाय शिस्तीनें तळ्यावर गेला. प्रथम डॉ. आंबेडकरांनीं ओंजळभर पाणी घेतलें, मग इतरांनीं. कांहीं वेळानें, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी खोटी आवई उठली, आणि परतणाऱ्या निःशस्त्र लोकांवर लाठ्याकाठ्या चालल्या. पुढें पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली, आणि नगरपालिकेनेंही त्याच वर्षीं आपला ठराव मागें घेतला.

डिसेंबरांत पुनः सत्याग्रह व्हावयाचा होता. तत्पूर्वीं महाडच्या कांहीं स्पृश्यांनीं दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळविला, व डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह तहकूब करून न्यायालयाची वाट धरली. अस्पृश्यांनीं या तळ्यास कधींही हात लावला नाहीं, सबब त्यांना मज्जाव असण्याची अनादि वहिवाट आहे, असें वादींचें म्हणणें होतें. दावा वरच्या कोर्टांत चढत गेला. अखेर १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, अशी अनादि वहिवाट शाबीत झालेली नाहीं. त्या ओंजळीस दहा वर्षें भरावयास तीनच दिवस उणे होते.

वादींच्या त्या म्हणण्यांतच उतरंडीचें सारें रहस्य आहे. आधीं माणसास दूर ठेवावयाचें, मग तो दूर राहतो हाच त्याला दूर ठेवण्याच्या हक्काचा पुरावा म्हणून दाखवावयाचा. कोणी आलें नाहीं यावरून कोणी येऊं नये असें ठरत नाहीं, ही साधी गोष्ट सिद्ध करण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ कज्जा चालवावा लागला.

२६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या संविधानानें अस्पृश्यता नष्ट केली, विहिरी-तळीं सर्वांस मोकळीं केलीं. १९५५ सालीं त्यासाठीं शिक्षेचा कायदाही झाला. तथापि पाण्यावरून माणसास मारल्याच्या वार्ता आजही येतात. शहरांत नळ घरोघर आले, पाणी कोणी कोठून आणलें हें विचारण्याचें कारण उरलें नाहीं. तरी कित्येक सुशिक्षित घरांत कामकरणीचा पेला फडताळांत निराळा ठेवलेला आढळतो. कारण विचारल्यास उत्तर येतें कीं, तसें कोणी मुद्दाम ठरविलें नाहीं, पूर्वींपासून चालत आलें आहे. महाडचे वादी तरी याहून निराळें काय सांगत होते?