नॉनसच ३०

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सेंट कॅथरिन्स येथे हिंटरहोलर यॉट्स या कारखान्याने १९७८ पासून बांधलेली एकशिडी, फायबरग्लासची सफरी नौका. लंडनहून १६६८ साली हडसन उपसागराकडे निघालेल्या आणि ज्याच्या यशामुळे १६७० मध्ये हडसन बे कंपनीस राजसनद मिळाली, त्या लहानशा गलबताचे नाव हिला दिलेले आहे.

वृत्तपत्रव्यवसायातील गॉर्डन फिशर हे शर्यतींत मुरलेले नौकापटू होते. वाढत्या वयात दोघांनाच, किंबहुना एकट्यालाही, शिणल्याविना हाकता येईल आणि तरीही मंदगती नसेल, अशी नौका त्यांना हवी होती. नौकारचनाकार मार्क एलिस यांनी त्यासाठी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील जुन्या मासेमार कॅटबोटींची मांडणी घेतली. डोलकाठी अगदी नाळेजवळ, शीड एकच आणि बांधा रुंद, हे त्या बोटींचे विशेष. मात्र त्यांचे सुकाणू वाऱ्याच्या जोराबरोबर फार जड होई. एलिस यांनी तळाशी आधुनिक, आखूड व खोल कणा देऊन सुकाणू त्यापासून अलग ठेवले. नौकेची लांबी ९.२५ मी., रुंदी ३.६ मी., वजन सुमारे ५,२०० किग्रॅ. आणि शिडाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. मी. आहे.

या रचनेचे सारे मर्म डोलकाठीत आहे. ती ॲल्युमिनियमची, वर निमुळती होत जाणारी आणि कोणत्याही ताणदोराविना उभी असते. तख्तातून खाली उतरून तळाशी टेकल्यामुळे वाऱ्याचा सारा भार तख्त व तळ या दोन ठिकाणी पेलला जातो, म्हणून तेथील बांधणी विशेष भक्कम करावी लागते. वाऱ्याचा झोत आला की काठीचा शेंडा लवतो, शिडाचा वरचा भाग आपोआप सैलावतो आणि जादा वारा निसटून जातो. शिडाच्या दोन्ही अंगांनी धनुष्यासारखे वाकलेले दोन वासे टोकांशी जोडलेले असतात. हा जोड मागे उतरता असल्याने शिडाची खालची कड वर उचलली जात नाही, आणि पुढचा एक दोर आवळला की शीड सपाट, सैल सोडला की फुगीर होते. दिशा पालटताना नावाड्याने चक्र तेवढे फिरवावे. शीड स्वतःच पलीकडे जाते, एकाही दोराला हात लावावा लागत नाही. दोरांच्या या कटकटीतून झालेली सुटका हेच, प्रस्तुत लेखकाच्या मते, या नौकेचे खरे वैभव होय. पुढचे छोटे शीड नसल्याने अगदी मंद वाऱ्यात मात्र तिला जादा कापड लावता येत नाही.

मूळचे ऑस्ट्रियाचे असलेले जॉर्ज हिंटरहोलर हे कसलेले नौकाकार. त्यांच्या कारखान्यात साच्याला मेण लावून त्यावर प्रथम चकाकी देणारा राळेचा थर, मग राळेत भिजविलेले काचतंतूंचे थर चढविले जात. लाटण्यासारखा रूळ दाबून दाबून त्यांतील हवेचा बुडबुडा न् बुडबुडा काढावा लागे, कारण राहिलेला बुडबुडा म्हणजे पुढची चीर. दोन थरांच्या मध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचे ठोकळे तंतू उभे राहतील असे बसवीत. त्यामुळे वजन फारसे न वाढता भिंत ताठ होई.

या आकाराच्या पाचशेहून अधिक नौका तयार झाल्या. २२ पासून ३६ फुटांपर्यंतच्या भावंडांचीही त्यात भर पडली. कारखाना पुढे बंद पडला. आज जुनी नौका घेणारा जाणकार लाकडी हातोडीने तख्तावर, विशेषतः कड्या-खुंट्यांच्या भोवती, हलकेच ठोकून पाहतो: खणखणीत आवाज आला तर आतला बाल्सा कोरडा, आणि बद्द आला तर एखाद्या भोकावाटे पाणी शिरून तो कुजू लागलेला.