स्थानपोथी आणि स्थाननिष्ठ खेळ : गोंदिया जिल्ह्यातील तलावांच्या निमित्ताने

भ्रमणध्वनीच्या साहाय्याने खेळाडू कोठे उभा आहे हे ओळखावयाचे आणि ठरलेल्या जागी तो पोहोचल्यावरच त्याच्यापुढे एखादी कथा, प्रश्न वा जुने चित्र उघडावयाचे, अशा रचनेच्या खेळांना स्थाननिष्ठ खेळ म्हणता येईल. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत काही पाश्चात्त्य विद्यापीठांनी असे खेळ अध्यापनासाठी रचले, आणि पुढे ते रचण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच सोपविण्याचे प्रयोगही झाले. या प्रयोगांची चर्चा बहुधा शिक्षणतंत्राच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात त्यांकडे इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. असा खेळ रचणे हे मुळात इतिहासलेखनाचेच काम आहे आणि मराठीला या कामाची ओळख चौदाव्या शतकापासून आहे, असे आमचे म्हणणे आहे. उदाहरणादाखल गोंदिया जिल्हा घेतला आहे; कारण या जिल्ह्याचा इतिहास ग्रंथांत थोडा आणि जमिनीवर पुष्कळ आहे.

महानुभाव वाङ्मयातील ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ अभ्यासकांस परिचित आहे. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, तेथे कोणत्या देवळात राहिले, कोठे बसले, कोठे जेवले, कोठे स्नान केले, याची गाववार नोंद तीत आहे. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, विहीर त्याच्या कोणत्या अंगास आहे, आसनाची जागा कोणत्या दारापासून कोणीकडे आहे, अशा बारीकसारीक खुणा तीत येतात. अवस्थान, वसतिस्थान, आसनस्थान, आरोगणास्थान अशी जागांची वर्गवारीही आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील गावांच्या रचनेसाठी आपण हा ग्रंथ साधन म्हणून वापरतो; परंतु तो लिहिला गेला तो आपल्यासाठी नव्हे, चालणाऱ्यासाठी. साधकाने त्या जागी जावे, जागा ओळखावी आणि तेथे घडलेली लीळा तेथेच आठवावी, हा त्याचा उपयोग. कालांतराने अशा जागांवर ओटे बांधले गेले. जागा, तिची खूण आणि जागेवरच उलगडणारी कथा ही तिन्ही अंगे येथे पूर्ण झालेली दिसतात.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ‘लीळाचरित्रा’त आहे. म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनी प्रसंग पाहिला त्यांच्याकडे जाऊन. एकाच प्रसंगाचे कथन दोघांकडून निराळे आले, तर निराळा पाठ ‘वासना’ म्हणून नोंदविलेला आढळतो. कोणी सांगितले याला तेथे किंमत आहे. स्वामींचे भक्त निळभट्ट भांडारेकर हे भंडाऱ्याचे, आणि आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातूनच वेगळा झाला. तेव्हा ही परंपरा या भागास अगदीच परकी आहे असे म्हणता येणार नाही.

स्थानपोथीचे स्थान सापेक्ष आहे : देवळाच्या उत्तरेस, वेशीच्या बाहेर. ते समजण्यासाठी आधी देऊळ आणि वेस ठाऊक असावी लागते, नसल्यास गावकऱ्यास विचारावे लागते. स्थान ही निव्वळ संख्या होऊ शकते ही कल्पना विदर्भात आली ती त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेले हे काम उत्तरेकडे नेत असता विल्यम लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे निवर्तला. त्याची कबर तेथेच आहे. अक्षांश-रेखांश कळले म्हणजे जागा सापडते, वाटेत कोणास विचारावे लागत नाही. ही सोय सामान्य माणसाच्या हाती येण्यास मात्र मे २००० उजाडावा लागला. त्या महिन्याच्या प्रारंभी अमेरिकेने उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेला दोष काढून टाकला, आणि शंभर मीटरांपर्यंत जाणारी चूक दहावीस मीटरांवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यात एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले, व इतरांनी तो शोधून काढला. स्थाननिष्ठ खेळांचा आरंभ अनेक जण येथून धरतात.

शैक्षणिक प्रयोगांपैकी तीनच येथे घेऊ. ब्रिस्टलमध्ये २००३-०४ च्या सुमारास झालेल्या ‘सव्हाना’ या खेळात शाळकरी मुले मैदानावर सिंह होऊन वावरली. ते मैदान कोणतेही असते तरी चालले असते. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेत एरिक क्लॉफर व कर्ट स्क्वायर यांनी रचलेल्या खेळात विद्यार्थी आवाराच्या भूजलात मिसळलेल्या एका काल्पनिक विषारी द्रव्याचा माग काढीत. येथे जमिनीचा उतार आणि पाण्याची दिशा खरी होती, घटना कल्पित. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील ‘डाउ डे’ या तिसऱ्या रचनेत घटनाही खरी आहे. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी डाउ केमिकल कंपनीविरुद्ध विद्यार्थ्यांनी केलेली निदर्शने ज्या इमारतींत व पटांगणांत झाली, तेथेच जाऊन खेळणारा त्या दिवसाची छायाचित्रे व साक्षी पाहतो. इतिहासाच्या विभागास उपयोगी पडेल असा नमुना हा तिसराच होय. त्याच विद्यापीठात २००८ मध्ये विद्यार्थिप्रकल्प म्हणून सुरू झालेल्या ‘एरिस’ या साधनामुळे संगणकाची आज्ञावली लिहिता न येणाऱ्यासही असे खेळ रचणे शक्य झाले. म्हणजे अडचण आता तंत्राची उरली नाही. जागा कोणत्या निवडावयाच्या आणि तेथे काय म्हणावयाचे, ही उरली.

जागांची निवड दूरच्या कोणी केली म्हणजे काय होते, याचा अनुभव २०१६ च्या जुलैत निघालेल्या ‘पोकेमॉन गो’ने दिला. त्यातील ठिकाणे बव्हंशी त्याच कंपनीच्या आधीच्या खेळातील खेळाडूंनी सुचविलेली होती. साहजिकच जेथे असे खेळाडू नव्हते त्या ग्रामीण भागांत ती विरळ होती. वॉशिंग्टन येथील ज्यूसंहार-स्मारक संग्रहालयाला आपली वास्तू खेळातून वगळा अशी विनंती करावी लागली. आपल्याकडे देवळांत अंडी दाखविल्याने भावना दुखावतात अशी याचिका गुजरात उच्च न्यायालयात त्याच वर्षी दाखल झाली. आणि डिसेंबरात खेळ भारतात अधिकृतपणे आला तो रिलायन्स जिओची दुकाने हीच खेळातील ठिकाणे करून. दुकान हे स्थान व्हावे आणि गावतलाव होऊ नये, यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. तलावाजवळ विचारावयास कोणी आले नाही, एवढेच.

गोंदिया जिल्ह्यातील तलावांकडे या दृष्टीने पाहावे. वैनगंगेच्या खोऱ्यातील पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत मालगुजारी तलावांची संख्या सुमारे सात हजार सांगितली जाते. नाव मालगुजारी असले तरी पुष्कळ तलाव मालगुजारीहून जुने आहेत. इंग्रजी अमलातील १८६० नंतरच्या जमाबंदीने मालगुजारांस मालकी हक्क दिले. तलाव बांधणारे हात त्यापूर्वीचे. त्यांत कोहळी समाजाचे कौशल्य विशेष नावाजलेले. रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात या समाजाची परंपरा नोंदविली आहे. चांद्याच्या गोंड राजाने बनारसेस गेला असता कोहळ्यांचे कसब पाहिले आणि त्यांना इकडे आणले, अशी ती आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानतात. तो पुढे कोलासुर देव झाला, आणि भोवतालच्या टेकड्या सात बहिणी झाल्या. अभियंत्याचा देव झाल्याचे उदाहरण आपल्याकडे फार नाही!

आता समजा, गोंदियाच्या एखाद्या महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा गट राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी एका तलावाच्या गावी गेला आणि त्याने तेथे खेळ रचावयाचे ठरविले. पहिला मोह पाळीवर उभे राहण्याचा होईल, कारण पाणी तेथूनच दिसते. परंतु तलाव पाळीवर सुरू होत नाही. पावसाचे पाणी जेथून ओघळून येते त्या झाडीच्या उतारावर तो सुरू होतो. तेथून पाळ, पाळीतून पाणी सोडण्याची जागा, सांडवा, नहर, खालची बोडी आणि शेवटी सर्वांत लांबची बांधी, असे पाण्याच्या मागे चालत गेले म्हणजे बांधणाऱ्याची विचारसरणी पायांना कळू लागते. नकाशावर ती कळत नाही. तेथेच पाळ का घातली, दोनशे पावले अलीकडे का नाही, हा प्रश्न त्या जागीच विचारण्यासारखा आहे.

येथवर फक्त जागा निवडल्या. खरी परीक्षा नियमांची आहे. खेळात पाण्याचे वाटप ठेवले, तर कोणाची बांधी आधी भिजेल याचा नियम करावा लागेल. विद्यार्थ्याने सर्वांस सारखे पाणी असा नियम केला, तर त्याने इतिहासाविषयी एक विधान केले, आणि ते बहुधा चुकीचे केले. नहरेच्या तोंडाशी असलेला आणि शेवटास असलेला हे कधीच सारखे नव्हते. मालगुजाराची बांधी आणि कुळाची बांधी यांतही भेद असणारच. उलट, मालगुजार म्हणजे केवळ पाणी अडवून ठेवणारा खलपुरुष असा नियम केला, तर पाळ दर वर्षी कोणी दुरुस्त करविली हे सांगता येणार नाही. ग्रंथातील विधानास खाली टीप देता येते, खेळाच्या नियमास ती सोय नाही. खेळणारा तो नियम वाचत नाही, पाळतो. म्हणूनच नियमाला पुराव्याचा आधार निबंधातील वाक्यापेक्षा अधिक हवा.

सुदैवाने पुरावा मिळण्याजोगा आहे. जुन्या मध्यप्रांतातील जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ तयार होई. गावातील वहिवाटी त्यात नोंदलेल्या असत. पुढे मध्यप्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी हक्क ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आले आणि तलाव सरकारकडे गेले. रयतेच्या निस्ताराचे हक्क निस्तारपत्रकात आले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलावांचा कारभार त्यांच्याकडे गेला. मासेमारीचे ठेके ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे. पाणी एकाचे, मासळी दुसऱ्याची, दुरुस्ती तिसऱ्याची, अशी विभागणी झाली. मालगुजारी जाणे न्याय्यच होते, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तथापि तिच्याबरोबर दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कोणाची हे गावाच्या नजरेसमोरून गेले आणि अनेक तलाव गाळाने भरले, हेही खरे. १९५१ पूर्वीचा नियम व नंतरचा नियम असे दोन डाव एकाच पाळीवर खेळता आले, तर हे स्थित्यंतर पाठ्यपुस्तकातील एका ओळीपेक्षा अधिक स्पष्ट होईल.

कागदांत नसलेले माणसांकडे आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने या भागात ढिवर समाजाबरोबर काम करून तलावांतील देशी मासे व पाणवनस्पती यांच्याविषयीचे लोकज्ञान नोंदविले आहे. ते पाहिल्यावर तलाव म्हणजे केवळ धानाचे पाणी ही समजूत टिकत नाही. कोहळी म्हातारा बांधणाऱ्याची गोष्ट सांगेल, ढिवर स्त्री पाण्यातल्या कांद्यामुळांची, आणि गोंड कुटुंबात आणखी निराळी आठवण निघाली तर ती खोडून न टाकता वासना म्हणून शेजारी ठेवावी. एका जागेवर तीन कथने ठेवण्यास फोनला काहीच अडचण नाही. अडचण असते ती एकच बरोबर उत्तर मागणाऱ्या परीक्षकाला. भाषेचेही तसेच. झाडीबोली, पोवारी, गोंडी यांत सांगितलेले त्याच बोलीत, सांगणाऱ्याच्या संमतीने ऐकवावे.

काही जागा मात्र घेऊच नयेत. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. माघी पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. गुण मिळविण्यासाठी तेथे धावाधाव करावयास लावणारा खेळ समाजाच्या जाणत्यांना न विचारता रचणे हा उद्धटपणा होय, आणि विचारल्यावर नकार आला तर तो नकार हीच नोंद. नवेगाव व नागझिऱ्याचे जंगल २०१३ पासून व्याघ्रप्रकल्पात आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न वेगळाच. शिवाय दाट झाडीत उपग्रहाचा संकेत चुकतो आणि दूरध्वनीचे जाळे सर्वत्र पोहोचत नाही, म्हणून नकाशा व ध्वनिफिती आधीच उतरवून घेणे बरे. पहिला आराखडा तर कागदावरच करावा.

एक अडचण उरते, आणि ती सर्वांत बिकट आहे. काही बोड्या बुजल्या आहेत, त्यांवर आज शेती आहे. जुन्या नकाशावरून अक्षांश-रेखांश काढले, तर फोन उभ्या धानात थांबवून येथे पाणी होते असे सांगेल, आणि ती बांधी कसणारा मनुष्य समोर उभा असेल. त्याच्या दृष्टीने ही माहिती निरुपद्रवी नाही. उद्या अतिक्रमणाच्या चौकशीत ती पुरावा होऊ शकते. ती जागा खेळात ठेवावी की नाही हे विद्यार्थ्यांनी गावात बसून ठरवावे, निस्तारपत्रकाची नक्कल आणि सातबारा दोन्ही समोर ठेवून, आणि त्या बैठकीस तो शेतकरी हजर असावा.