जुनी पत्रे व जुनी छायाचित्रे

घरोघरच्या दप्तरांत मोडी पत्रे पडून आहेत. मोडीत शब्दांमध्ये अंतर नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही बहुधा पाळलेला नसतो. परंतु पत्रातील सन वाचकास आधार देतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात् शुहूर सन ११६१. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढे ६०० मिळविल्यास इसवी सन निघतो. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत याच सनात पडते.

छायाचित्रास असा आधार नसतो. इंदुरास आरंभ करून निजामाच्या दरबारी मान पावलेल्या राजा दीनदयाळांसारख्या निष्णाताने टिपलेला चेहराही, नाव न लिहिल्यास, नातवंडांना परका होतो. तरी भाविकांनी वडीलधाऱ्यांस विचारून चित्रामागे शिसपेन्सिलीने नावे व वर्ष सत्वर लिहून ठेवावे.