धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी

ऑक्सिजन, पाणी व आम्ले यांच्याशी अभिक्रिया करण्याच्या क्षमतेनुसार धातूंची उतरत्या क्रमाने केलेली मांडणी. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोह, कथिल, शिसे, तांबे, पारा, चांदी आणि सोने असा हा क्रम असून, हायड्रोजन धातू नसतानाही त्याला शिसे व तांबे यांच्यामध्ये स्थान देतात, कारण त्याच्या वरचे धातू विरल आम्लातून हायड्रोजन मुक्त करतात आणि खालचे करत नाहीत. मोरचूदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवला की त्यावर तांबूस थर चढतो आणि द्रावण हळूहळू फिकट हिरवे होते. अधिक क्रियाशील लोह तांब्याची जागा घेते, म्हणून या अभिक्रियेस विस्थापन म्हणतात.

धातू निसर्गात कोणत्या रूपात सापडावा आणि तो मिळवण्यास किती ऊर्जा लागावी, हेही बहुतांशी याच क्रमाने ठरते. सोने मुक्त स्थितीत सापडते. लोहाच्या ऑक्साइडाचे झोतभट्टीत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडने क्षपण करता येते, म्हणजे त्यातील ऑक्सिजन काढून घेता येतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र हा मार्ग व्यवहार्य नसल्याने विद्युत अपघटनाचा अवलंब करावा लागतो. महाराष्ट्रात बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे धातुक कोल्हापूर, रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील जांभ्याच्या प्रदेशात आढळते. ते दाबाखाली तापवलेल्या कॉस्टिक सोड्यात मिसळले असता ॲल्युमिनियमचे ऑक्साइड विरघळते आणि लोहाचे ऑक्साइड लाल चिखल म्हणून मागे राहते, कारण पहिले उभयधर्मी, म्हणजे आम्ल व आम्लारी या दोहोंशी अभिक्रिया करणारे असते, तर दुसरे तसे नसते. धातुविज्ञान आणि आम्ल-आम्लारी हे विषय शाळेत वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. या एका प्रक्रियेत ते वेगळे काढता येत नाहीत.

श्रेणीतील स्थानावरून धातूच्या टिकाऊपणाचा थेट अंदाज करणे चुकीचे आहे. ॲल्युमिनियम लोहापेक्षा क्रियाशील असूनही खिडक्यांच्या चौकटींत टिकते, कारण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर बसतो. लोहाचा गंज मात्र सच्छिद्र असल्याने आतला धातू उघडाच राहतो. लोखंडावर जस्ताचा थर दिल्यास तो ओरखडला तरी अधिक क्रियाशील जस्त आधी झिजते व लोखंड वाचते.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील मानपाड्याच्या उंच इमारती असोत की डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यालगतच्या जुन्या सोसायट्या, त्यांच्या काँक्रीटमधील सळया टिकून असतात त्या आम्लारीच्या आधारावर. सिमेंट व पाणी यांच्या अभिक्रियेतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते, ताज्या काँक्रीटमधील पाण्याचा सामू साडेबाराच्या पुढे जातो आणि अशा माध्यमात लोखंडावर संरक्षक थर टिकतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरून या हायड्रॉक्साइडचे कॅल्शियम कार्बोनेट करतो. सामू नऊच्या आसपास उतरला की तो थर मोडतो, आणि खाडीकाठच्या हवेतील क्लोराइडे झीज आणखी वाढवतात. गंज मूळ लोहाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्याने सज्जाच्या खालच्या बाजूस सळईच्या रेषेतच तडा जातो आणि पुढे काँक्रीटची खपली सुटते.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींना बंधनकारक असलेल्या संरचनात्मक तपासणीत या बदलाचा माग फिनॉल्फ्थॅलीन या शाळेतील परिचित दर्शकाने घेता येतो. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर त्याचा फवारा मारला असता आम्लारी शिल्लक असलेला भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेट झालेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल, तर वरून केलेला गिलावा ही दुरुस्ती नव्हे. सैल काँक्रीट काढून, सळई गंजमुक्त करून तिच्याभोवती पुन्हा आम्लारीयुक्त आवरण द्यावे लागते.