दानचिंतामणि अत्तिमब्बे

मोडनिंबच्या आसपासचा मुलूख हजार वर्षांपूर्वीं चालुक्यांच्या राज्यांत होता. त्यामुळें त्या राज्यांतील अत्तिमब्बेस केवळ कानडी म्हणून परकी मानणें आम्हांस रुचत नाहीं. तैलपाचा सेनानी नागदेव हा तिचा पति. तो निवर्तला तेव्हां तिची सख्खी बहीण व सवत गुंडमब्बे सती गेली. अत्तिमब्बे लहानग्या मुलासाठीं मागें राहिली, व्रतस्थ होऊन.

पोन्न कवीचें ‘शांतिपुराण’ तिच्या वडिलांनीं व चुलत्यांनीं रचविलेलें. ताडपत्रांच्या काळीं ग्रंथ शत्रूच्या हातून मरे त्याहून अधिक वेळां नक्कल न झाल्यानें मरे. तिनें त्याच्या एक हजार प्रती लिहवून वांटल्या! ही संख्या कौतुकाची आहे असें कोणी म्हणेल. म्हणो बापडा, शंभर धरल्या तरी पान न् पान हातानें उतरावयाचें होतें. आमच्याकडील किती श्रीमंतांस मंदिर बांधतांना पोथीची आठवण झाली?

मंदिरही तिनें बांधलें, १००७ मध्यें, लक्कुंडीस. त्यापूर्वीं, ९९३ मध्यें, मुधोळच्या कासाराघरीं जन्मलेल्या रन्नानें तिच्याच आश्रयानें ‘अजितपुराण’ पुरें केलें, आणि तींत तिचें चरित्र गुंफलें.